वरचं शीत

"डॉक्टरअक्का, पेढा घ्या की! स्वल्प तोंड गोड करा," हणमंतराव म्हणाले, आणि माझा हात डब्यापाशीच थांबला.

पेढा चांगलाच होता. मला खटकला तो त्यांचा आवाज.

हणमंतराव चिकपेटातल्या साड्यांच्या दुकानात सेल्समन. तीस वर्षं गादीवर बसून "या अक्का, बसा अक्का" करत आलेले. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं. चार महिने आवाज बसलेला, म्हणून कान-नाक-घशाच्या सर्जननं स्वरयंत्रावरचा एक तुकडा काढून मारतहळ्ळीच्या आमच्या लॅबमध्ये पाठवला होता. तपासला मी. रिपोर्ट गेला : कॅन्सर दिसला नाही. त्याला तीन आठवडे झाले होते आणि हा माणूस नाव विचारत विचारत माझ्या खोलीपर्यंत पेढे घेऊन आला होता. पॅथॉलॉजिस्टला भेटायला कधी कोणी येत नाही हो. आम्ही म्हणजे कागदाच्या तळाची सही.

"आवाज अजून सुटला नाही?" मी विचारलं.

"सुटेल की. सर्जन म्हणाले, रिपोर्ट निल आहे, नुसता आराम द्या. घरात सगळी रडत होती अक्का. तुमच्या कागदानं वाचवलं बघा."

हे सगळं नुसत्या हवेच्या, खरखरीत आवाजात. मी पेढा घेतला, खाल्ला नाही. ते गेल्यावर त्यांची स्लाइड कपाटातून मागवली.

आमचा सगळा धंदा म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. तुकडा येतो तिळाएवढा. तो मेणात बसवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. त्या ब्लॉकचे केसाहून पातळ काप काढतात, दोन-चार काप काचेवर चढवून रंगवतात, आणि ते मी मायक्रोस्कोपखाली बघते. उरलेलं सगळं मेणातच राहतं, खणात. पण शीत वरचं घेतलं तर तळाला भात करपलाय हे कसं कळणार?

हणमंतरावांची स्लाइड म्हणजे निव्वळ वरचं शीत. पृष्ठभागाची जाड कातडी, बस. तिच्याखालचा थर, जिथे खरा निवाडा होतो, तो कुठेच नव्हता.

आणि खरं सांगू? हे मला तीन आठवड्यांपूर्वीही दिसलं होतं. "तुकडा अपुरा, पुन्हा बायॉप्सी करावी" असं मी लिहायला घेतलंही होतं. पण त्या महिन्यात तसे चार रिपोर्ट गेले होते, सर्जन लोक कुरकुरत होते, टेबलावर चाळीस केसेस पडल्या होत्या आणि येलहंक्याला घरी पोचायला दोन तास लागणार होते. मी खोडलं आणि आमचं नेहमीचं वाक्य टाकलं : पाठवलेल्या तुकड्यात कॅन्सरचा पुरावा नाही. यातलं "पाठवलेल्या तुकड्यात" हे आमचं चिलखत. ते वाचत कोणीच नाही, हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं.

आमच्या सरांनी आम्हाला पहिल्याच वर्षी एका जर्मन पॅथॉलॉजिस्टची गोष्ट सांगितली होती. एकोणिसाव्या शतकातला, आमच्या शास्त्राचा बापच म्हणा. आजार पेशीत शोधायला त्यानं जगाला शिकवलं. तरुणपणी सरकारनं त्याला तापाची साथ बघायला गरीब मुलखात धाडलं, तर यानं लिहून दिलं की यांना औषधाआधी अन्न, शाळा आणि हक्क द्या. सरकारला ते झोंबलं, पुढे नोकरीही गेली. पण गडी दबला नाही. प्रोफेसर झाला, राजकारणात शिरला, शहराची गटारं बांधून घेण्यासाठी भांडला. अशा माणसाकडे म्हातारपणी राजपुत्राच्या घशातला तुकडा आला. त्यानं इमानदारीनं बघितलं, कॅन्सर दिसला नाही, तसं कळवलं. त्या कागदाच्या जोरावर ऑपरेशन टळलं. राजपुत्र गादीवर बसला आणि जेमतेम शंभर दिवसांत त्याच घशाच्या कॅन्सरनं गेला.

"त्यानं बघितलं ते बरोबर होतं," सर म्हणायचे. "पण मेला तो राजपुत्र, तुकडा नाही."

गोष्ट मला तोंडपाठ आहे. दरवर्षी ज्युनिअर्सना मीच सांगते. कपाळ माझं!

मी मॅनेजरकडे गेले. प्रशांत, वयानं माझ्या मुलाएवढा, स्वभावानं वाईट नाही.

"मॅडम, रिपोर्ट क्लोज झालाय. पेशंटची तक्रार आहे का?"

"नाही. पेढे आहेत."

"मग? उघडला तर अमेंडेड रिपोर्ट निघणार. ऑडिटमध्ये तुमच्याच नावावर येईल."

"येऊ दे. चूक माझीच आहे."

"आणि आत काहीच निघालं नाही तर?"

"तर तो पेढा मी खाईन. तोवर ब्लॉक दे मला."

त्यानं मान हलवली आणि फॉर्म पुढे सरकवला.

ब्लॉक गिरिजम्माच्या हातात दिला. सव्वीस वर्षांच्या अनुभवाची टेक्निशियन; बोलते कमी, बघते फार. तिनं तो उजेडात धरला.

"मॅडम, हा तुकडा आडवा बसवलाय. उभा बसवायला हवा होता. वरचंच सोललं गेलं, आत अजून आहे."

"कोणी बसवला?"

"आता ते विचारून काय करणार? उद्या सकाळी देते."

तिनं मेण वितळवलं, तुकडा उभा केला, नव्यानं बसवला आणि खोलवर काप घेतले. सकाळी स्लाइड माझ्या टेबलावर होती. बघायला मिनिटसुद्धा लागलं नाही. कातडीच्या पेशी आपली हद्द सोडून खाली उतरल्या होत्या, घोळक्याघोळक्यानं. कॅन्सर. मी खुर्चीत मागे टेकले. इतकं थकल्यासारखं मला आईच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं.

सर्जनला फोन केला.

"तुम्हीच निल म्हणालात ना, मॅडम?"

"म्हणाले. चुकले. आज बोलवा त्यांना."

"सरी, बरं. मी सांगतो त्यांना."

"नाही, मी सांगते. पेढे मला दिलेत त्यांनी."

हणमंतराव बायकोला घेऊन आले. मी सगळं सांगितलं : तुकडा, मेण, आडवं-उभं, मी लिहिता लिहिता खोडलेलं वाक्यही. बायको माझ्याकडे बघेचना.

"पेढे वाटले तेव्हा होताच म्हणा की तो आत," हणमंतराव म्हणाले.

"होता. तीन आठवडे माझ्यामुळे गेले. मला माफ करा."

"गल्लीभर वाटले हो अक्का," ते म्हणाले.

रेडिएशन झालं. गाठ लवकरच्या टप्प्यात होती, तीन आठवड्यांनी फार बिघडलं नव्हतं. यात माझी हुशारी शून्य. ते पेढे घेऊन आले नसते, तर तो ब्लॉक आजही खणात पडून असता. ऑडिटमध्ये माझ्या नावासमोर लाल रेघ आली ती आलीच. आता तुकडा अपुरा असला की मी अपुरा असंच लिहिते. महिन्यात दहा वेळा लिहावं लागलं तरी. सर्जन कुरकुरतात, प्रशांत उसासे टाकतो. ज्युनिअर्सना जर्मनाची गोष्ट सांगून झाली की पाठोपाठ माझीही सांगते.

परवा हणमंतराव आले होते. आवाज जाड, थोडा फाटका, पण आवाज. पुन्हा गादीवर बसतात म्हणे. हात रिकामे होते.

"या खेपेला पेढे आणले नाहीत, अक्का. पाच वर्षं साफ गेली की मगच आणायचे, असं बायको म्हणाली."

तोवर मी रिटायर झालेली असेन. मी त्यांना येलहंक्याचा घरचा पत्ता लिहून दिला.