घरच्या पत्त्यावर मागवलेला सेट

मोबाईलवर दोन सेट होते. एकात चोवीस पट्ट्या, काळ्या पाकिटात नीट लावलेल्या. दुसऱ्यात फक्त पाच, आणि सोबत पारदर्शक प्लास्टिकचं एक कुलूप, आतल्या पिना दिसाव्यात म्हणून. किल्लीशिवाय कुलूप उघडायला शिकण्याची ही हत्यारं. हे छंद म्हणून करणारी माणसं असतात, हे मला तेव्हा नुकतंच कळलं होतं. दोन दिवस मी ते पान उघडत होते आणि बंद करत होते. मागून कुणाची चप्पल वाजली की मोबाईल पालथा.

मी शिंगणापूरची. आमच्या घराला चौकट आहे, दार नाही. शनिदेवाच्या गावात चोरी केली तर ती चोराला पचत नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो आणि मानतो. त्यामुळे कॉलेजला येईपर्यंत मी कुलूप कधी हातात धरलं नव्हतं. शिकायला बाहेर पडलेली आमच्या घरातली मी पहिलीच. संगमनेरच्या हॉस्टेलात मला सोडताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पेटीसाठी कुलूप घेतलं. किल्ली कुठल्या बाजूला फिरवायची, हे दुकानदाराने आम्हा दोघांना दाखवलं. पण नुसतं दाबलं तरी कुलूप बसतं, हे त्याने सांगितलं नाही. ते कुणाला सांगावं लागत असेल, असं त्याला वाटलं नसणार.

तिसऱ्या दिवशी मी किल्ली पेटीत ठेवली आणि वरून कुलूप दाबलं. आत माझी सगळी कागदपत्रं होती, आणि दुपारी ती ऑफिसात दाखवायची होती.

रेक्टर बाईंनी स्टँडजवळच्या किल्लीवाल्या चाचांना बोलावलं.

"कुठली गं बेटा तू?"

"शिंगणापूरची."

"मग बरोबर हाय," चाचा हसले. "तुमच्या गावात आम्ही उपाशीच मरायचो."

त्यांनी दोन बारीक पट्ट्या कुलपात घातल्या, मान कलती केली आणि अर्ध्या मिनिटात कुलूप उघडलं. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट भीतीच वाटली. म्हणजे एवढंच? रोज मी ज्याच्या भरवशावर वर्गात जाऊन बसणार होते, ते एवढंच? त्या दिवसापासून कुलूप आतून कसं असतं, हे मला कळायलाच हवं होतं. भीती वाटत होती म्हणूनच कळायला हवं होतं, असं आता वाटतं.

पंधरा दिवसांनी धीर करून चाचांच्या टपरीवर गेले आणि मोबाईल पुढे धरला.

"चोवीसवाला घेऊ नको," ते म्हणाले. "वापरशील तीन, बाकीच्या गंजतील. हा पाचवाला घे. आतलं दिसलं की हाताला समजतं. अन् दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. स्वतःच्या पेटीच्यासुद्धा नाही. बिघडलं तर परत मलाच बोलावशील."

सेट ठरला. पत्ता ठरेना. हॉस्टेलात प्रत्येक पार्सल ऑफिसात उघडून बघतात. आणि उद्या एखाद्या मुलीची काही वस्तू हरवली, तर पहिलं नाव कुणाचं येईल? नाव कटलं असतं, अण्णा मला न्यायला आले असते, आणि माझ्या मागच्या दोघी बहिणींचं शिक्षणही तिथेच थांबलं असतं. म्हणून मी घरचा पत्ता टाकला. आमच्या गावात दुसऱ्याच्या वस्तूला कुणी हात लावत नाही, याची मला खात्री होती.

ते खरंच होतं. पण ज्या घराला दार नाही, त्या घरात आलेली वस्तू सगळ्या गल्लीला दिसते, हे मी विसरले. पार्सलवाला खोकं कॉटवर ठेवून गेला. येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारायला लागली, आणि लेकीची पुस्तकं असतील म्हणून आईने ते कौतुकाने सगळ्यांसमोर उघडलं.

आईचा फोन आला. "ह्ये काय मागिवलंयस? अण्णा म्हनत्यात, घरी ये."

संगमनेर ते राहुरी एसटी, पुढे जीप. पूर्ण वाटेत मी एक वाक्य जुळवत होते आणि ते जुळत नव्हतं.

घरात अण्णा, आई आणि चुलती. कॉटवर त्या पाच पट्ट्या ओळीने ठेवलेल्या.

"कशाच्या हायेत ह्या?" अण्णांनी विचारलं.

"कुलूप उघडायच्या. किल्ली नसली तर."

चुलतीने तोंडाला पदर लावला. "अगं बया! पोरीला शिकाया धाडलं, अन् ही कंचं कालिज शिकून आली?"

"चोरीसाठी नाही, काकी. फक्त बघायचंय कसं असतं ते."

"गावाला सांग की तसं. ऐकतंय का बघ."

अण्णा रागावले नाहीत. त्यांचा आवाज खाली गेला होता, आणि तेही घाबरलेत हे माझ्या लक्षात आलं. त्याने मला जास्त भीती वाटली.

"तुझ्या हॉस्टेलच्या बाईला ठाव हाय?"

"नाही."

"आत्ताच्या आत्ता सांग. माझ्या म्होरं. त्यांनी बाहेरून ऐकलं, तर मला हात जोडाया बी जागा ऱ्हायची न्हाई."

मी फोन लावला. स्पीकर चालू केला. चाचांपासून पार्सलपर्यंत सगळं सांगितलं, दोनदा अडखळले. आई उभीच होती.

"सेट कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"घरी."

"तो घरीच ठेव. सुट्टीत काय करायचं ते कर. माझ्या हॉस्टेलात त्यातली एक पट्टी जरी दिसली, तर मी तुला ठेवू शकणार नाही, समजलं? सोमवारी सातच्या आत ये."

अण्णांनी पट्ट्या आणि ते प्लास्टिकचं कुलूप देवळीत उघड्यावर ठेवलं, गणपतीच्या तसबिरीशेजारी. "झाकायचं न्हाई," एवढंच म्हणाले.

सोमवारी राहुरी स्टँडवर एसटीची वाट बघताना मी पिशवी बाकावर पूर्ण रिकामी केली. कपडे झटकले, वह्या उलट्या धरल्या, चिवड्याच्या डब्यातसुद्धा बोट फिरवून पाहिलं. पट्ट्या घरी राहिल्या होत्या, मी स्वतः मोजून आले होते. तरी एसटी लागल्यावर, चढायच्या आधी, मी अजून एकदा पाहिलं.