टकटक काकांनी बघून दिलेली ट्रॉली

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे काय होतं म्हणून कुणी श्वास रोखून बसायला नको. आम्ही घेतलेली जुनी ट्रॉली तिसऱ्या दिवशी तुटली आणि माझ्या नवऱ्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून गेला. ती ट्रॉली घेण्याआधी माझ्या काकांनी ठोकून बघितली होती. काकांनी पास केलेली वस्तू तुटत नाही, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. सगळ्यात मोठ्याने मीच म्हणायचे.

काका वेल्डर. मी सहा वर्षांची असताना माझे वडील गेले आणि काका-काकूंनी मला त्यांच्या घरी आणलं. घर म्हणजे मागे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड. शेडमध्ये गॅसच्या नळकांड्या, भिंतीला टेकवलेल्या लोखंडी पट्ट्या, आणि जळलेल्या लोखंडाचा तो वास, जो काकांच्या शर्टातून कितीही धुतला तरी जायचा नाही. काकू म्हणायची, "तुझ्या काकाशी नाही, भट्टीशीच संसार केलाय मी."

पण काकांचं नाव झालं ते वेल्डिंगमुळे नाही. नाव झालं कानामुळे. कुणाला जुना नांगर, जुनी ट्रॉली, जुनं काहीही घ्यायचं असलं की तो आधी काकांना गाडीत घालून न्यायचा. काका खिशातून छोटी हातोडी काढायचे, डोळे मिटायचे, मान जराशी तिरकी करायचे आणि लोखंडावर ठोकत ठोकत पुढे जायचे. लोखंड धड असलं तर खणखणीत वाजतं. आत भेग असली तर बद्द वाजतं. रंगाखाली झाकलेली, पट्टी मारून लपवलेली भेगही ते अशी काढायचे. पोरांनी त्यांचं नाव टकटक पाडलं होतं आणि पोरांचे आईबापही तेच म्हणायचे, फक्त पाठीमागे.

मला त्यांनी हे लहानपणीच शिकवलं. मी डोळे मिटून उभी राहायची, ते ठोकायचे. "बोल." "खणखणीत." "आता?" "खणखणीत." "आता?" "बद्द!" बरोबर आलं की डोक्यावर टपली, चुकलं तरी टपलीच, पण जरा जोरात. एक नियम मात्र कडक होता. गिऱ्हाईक समोर असताना ते ठोकत असले तर मध्ये तोंड उघडायचं नाही. हू की चू नाही. चेहरासुद्धा वाकडा करायचा नाही. "विकणारा आपल्या तोंडाकडे बघत असतो," ते म्हणायचे. "त्याला आधी कळता कामा नये."

लग्नानंतर मी नवऱ्याच्या शेतावर आले. शेत लहान आणि उताराचं. खाली गव्हाचं रान, वर घर आणि कोठार, मध्ये चढाचा रस्ता आणि त्या रस्त्याच्या खालच्या तोंडाशी फाटक. हार्वेस्टरवाला वर्षातून एकदा यायचा आणि उपकार केल्यासारखा दोन तास थांबायचा. आमच्याकडे ट्रॅक्टर होता, पण तेवढ्या वेळात धान्य झेलायला काही नव्हतं. जमिनीवर ताडपत्री अंथरायची, त्यावर गहू पाडून घ्यायचा आणि मग पोती भरून पाठीवर वर न्यायची. गेल्या हंगामात नवऱ्याचा मणका सरकला. तो पंधरा दिवस फळीवर झोपून होता आणि मी त्याला आंघोळ घालत होते. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वर्षी ट्रॉली. धान्य झेलणारी, बाजूला ओतायचा पाइप असलेली, आत मळसूत्र फिरून गहू आपोआप कोठारात टाकणारी. नवी आमच्या आवाक्यातली नव्हती. जुनी घ्यायची होती.

म्हणजे बघा, ट्रॉली घेतली ती त्याची पाठ वाचावी म्हणून.

जुन्या यंत्रांचा एक व्यापारी होता. त्याला सगळे रंगारी म्हणायचे, कारण आवारात आलेल्या प्रत्येक वस्तूला तो आधी रंग फासायचा. म्हातारी कोंबडी नेऊन दिली तर तिलाही नारिंगी रंग देऊन तलंग म्हणून विकेल, असा माणूस. त्याच्याकडे एक ट्रॉली आल्याचं कळलं. मी काकांना फोन लावला. फोन काकूने घेतला. गेली काही वर्षं काकांच्या फोनवर काकूच बोलायची. "त्याला फोनचा कंटाळा," ती म्हणायची, आणि मी म्हणायचे, म्हातारपणी भाव खायला लागलेत.

आम्ही तिघं गेलो. सकाळची वेळ होती. रंगारी ट्रॉलीभोवती हात चोळत फिरत होता. ट्रॉली चांगली दिसत होती, रंग ताजा होता हे कबूल, पण टायर बरे होते, मळसूत्र हाताने फिरत होतं. नवऱ्याने आत चढून तळाचा पत्रा बघितला आणि वरून माझ्याकडे बघून हसला. तसं हसताना मी त्याला वर्षभरात पाहिलं नव्हतं. मला ती ट्रॉली हवी होती. हे लपवण्यात अर्थ नाही. मला ती फार हवी होती.

काकांनी हातोडी काढली. मला म्हणाले, "तू अशी समोर ये. टॉर्च धर." उजेड तर लख्ख होता. पण काका म्हणाले म्हणून मी टॉर्च धरून समोर उभी राहिले.

त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले नाहीत. हे मी तेव्हाच बघितलं. ते ठोकत होते आणि माझ्याकडे बघत होते. मला आपलं बरं वाटलं. इतक्या दिवसांनी भेटतोय, पोरीकडे बघून घेतायत, असं वाटलं.

चाकांचा कणा खणखणीत. बाजूच्या पट्ट्या खणखणीत. मग ट्रॅक्टरला जोडायचा पुढचा दांडा. तो जिथे ट्रॉलीच्या सांगाड्याला मिळतो, तिथे खालून एक जाड पट्टी मारलेली होती. काकांनी त्या जोडावर ठोकलं.

बद्द.

फार नाही. जरासं. घरच्या माठाला तडा गेल्यावर येतो तसा आवाज, आणि तोही एकदाच. मी काकांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. मी चेहरा तसाच ठेवला, शिकवल्याप्रमाणे. वाटलं, आता हे सांगतील. रंगाऱ्याला बाजूला घेऊन सुनावतील. आयुष्यभर हेच केलंय त्यांनी.

काकांनी मान हलवली. "घ्या," म्हणाले.

मग मला वाटलं, माझंच चुकलं असेल. पट्टी मारली की आवाज थोडा बदलणारच. काकांपुढे माझा कान तो काय! आणि खरं सांगायचं तर मला चुकायचंच होतं. नवरा तोवर रंगाऱ्याच्या हातात हात देऊन मोकळा झाला होता.

पुढचं थोडक्यात सांगते, मला ते लांबवायचं नाही. हार्वेस्टर आला. ट्रॉली गच्च भरली. मी ट्रॅक्टर चालवत होते, कारण नवऱ्याच्या पाठीला ट्रॅक्टरचे हादरे सोसत नव्हते. चढ लागला. तो फाटक लावायला मागे थांबला. अर्ध्या चढावर एक झटका बसला आणि ट्रॅक्टर एकदम हलका झाला. मी मागे वळले तेव्हा ट्रॉली खाली चालली होती. मी ओरडले. तो बाजूला झाला, पण पूर्ण झाला नाही. ट्रॉलीने त्याला फाटकाच्या खांबावर दाबलं. गहू त्याच्या अंगावर सांडत होता आणि तो हाताने बाजूला सारत होता, जणू तेवढं केलं की निघता येईल.

तुटलेला दांडा मी दुसऱ्या दिवशी बघितला. तुटल्या जागी अर्धं लोखंड लखलखीत होतं आणि अर्धं गंजाने काळं पडलेलं. ती भेग जुनी होती. माझ्या कानाने बरोबर ऐकलं होतं.

काका दवाखान्यात येऊन नवऱ्याच्या उशाशी बसायचे. लोक त्यांची समजूत घालायचे. "पट्टीच्या आतली भेग, देवालाही ऐकू आली नसती." नवरासुद्धा म्हणाला, "काका, तुमचा दोष नाही." मी खिडकीतून बाहेर बघत राहायचे. मी ऐकलं होतं आणि गप्प बसले होते, हे कुणाला सांगणार? त्याला? ज्याच्या पांघरुणाखाली एका बाजूला सपाट जागा होती, त्याला?

पाच आठवड्यांनी काकूचा फोन आला. "गिरणीवाल्याला जुना ट्रेलर घ्यायचाय. सोमवारी ह्याला न्यायला येतोय. हा जायचं म्हणतो. तू ये बाई. मला हे आता झेपत नाही."

मी गेले. दांड्याचा तुटका तुकडा काकांनी शेडमध्ये आणून टेबलावर ठेवला होता. शेजारी हातोडी. काकू मागच्या नळावर कप विसळत होती.

काका म्हणाले, "खरं सांग. ह्या जोडावर ठोकलं तेव्हा तुला काय ऐकू आलं?"

मी तुकड्याकडे बघत पुटपुटले, "बद्द."

"वर बघून बोल."

मी वर बघितलं. "बद्द वाजलं होतं, काका."

ते स्टुलावर बसले. कितीतरी वेळ हाताचा पंजा मांडीवर घासत राहिले.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मान हलवलीत! मला वाटलं, तुम्ही ऐकलंय, तरी चालण्यासारखं आहे म्हणताय. तुमच्यापुढे मी काय बोलणार?"

"मला ऐकू आलं नव्हतं," काका म्हणाले. "मला चार वर्षं आवाजच कळत नाही. खणखणीत काय न बद्द काय, हातोडी उशीवर आपटल्यासारखी वाटते. माणसांचं बोलणं ओठांवरून लावतो."

नळाचं पाणी बंद झालं. काकू तिथूनच म्हणाली, "मी कितीदा म्हटलं, बंद कर हे."

"चार वर्षं?" मी म्हणाले. "मग चार वर्षं लोकांना काय सांगत होता?"

"विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचो. त्याला ठाऊक असतं ना, कुठे दुखतंय ते. हातोडी तिथे गेली की त्याचा श्वास अडकतो. एकदाही चुकलं नाही माझं."

"मग त्या दिवशी रंगाऱ्याकडे का नाही बघितलंत?"

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते आणि मला त्यांची दया आली नाही.

"त्या दिवशी तू होतीस," ते म्हणाले. "तुला मीच शिकवलंय. तू समोर असताना मी त्या चोराच्या तोंडाकडे कशाला बघू? तुझा चेहरा बदलला नाही, म्हणून मी मान हलवली."

मला त्यांचा इतका संताप आला की हातोडी उचलून भिंतीवर मारावीशी वाटली. चार वर्षं! लोकांच्या जिवाशी खेळत होते, का, तर नाव जाऊ नये. आणि लगेच मला स्वतःचा चेहरा आठवला, टॉर्च धरून उभा असलेला, शहाणा, आज्ञाधारक. मी उठले.

मागे काका काकूला सांगत होते, "गिरणीवाल्याला कळव, येऊ नको म्हणून."

"कारण काय सांगू?"

"बहिरा झालाय म्हणून सांग. सगळ्यांनाच सांग."

दुपारी घरी आले. नवरा खिडकीशी बसला होता. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या होत्या. त्या खिडकीतून अंगणातली ट्रॉली दिसते, तोंड जमिनीला टेकवून पडलेली. तो कागदावर काहीतरी काढत होता.

"हे बघ," तो म्हणाला, "बाकी ट्रॉली धड आहे. फक्त दांडा नवा बसवायचा. पुढच्या हंगामाला लागेलच आपल्याला. आता तर जास्तच लागेल. काकांना म्हणावं, बसवल्यावर एकदा ठोकून द्या."

मी त्याच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. काकांचं सांगितलं. मग माझं सांगितलं. बद्द वाजलं होतं, मी ऐकलं होतं, तू वर उभा राहून हसत होतास आणि मी गप्प राहिले. एवढं बोलायला फार वेळ लागत नाही. मला वाटलं होतं, लागेल.

त्याने पेन्सिल खाली ठेवली. ट्रॉलीकडे बघितलं. मग माझ्याकडे वळला आणि त्याने हळूच मान हलवली.

"मान हलवू नकोस," मी म्हणाले. "तोंडाने बोल."