नलूचं गोल कटिंग टेबल

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत बसले होते. "मावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. त्याची आई नलू, माझी चाळीस वर्षांची मैत्रीण. दीड महिना झाला त्याला. तेव्हापासून भेटेल ती व्यक्ती मला एकच वाक्य ऐकवते, "सुटली बिचारी." पक्षाघातानं दोन वर्षं डावा हात लुळा, डावा पाय ओढत चालणं, म्हणून सुटली. मला या शब्दाचा संताप येतो. दहाव्याला एका बाईंना मी तोंडावर सांगितलं, सुटली वगैरे काही नाही, तिला जायचं नव्हतं, तिचं काम अर्धं राहिलंय. त्या बाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत.

आम्ही दोघी भांडुपच्या एकाच चाळीतल्या आणि अंधेरीच्या एकाच कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर. मला मशीन आवडायचं. नलूचा डोळा मात्र कायम कटिंग टेबलावर. लांबलचक टेबल, त्यावर कापडाचे थर आणि ते कापणारे कटिंग मास्टर, सगळे पुरुष. एकदा तिनं सरळ सुपरवायझरला विचारलं, मला कटिंगला घ्याल का? तो हसला. "बायकांचं काम नाही ते. बायकांचा हात थरथरतो." नलूनं त्याच्या नाकासमोर उजवा हात आडवा धरला. "बघत बसा. चहाच्या सुट्टीपर्यंत असाच ठेवते." आणि ठेवला. सुपरवायझर वैतागून निघून गेला, आम्ही बाकीच्या मशीनवर मान खाली घालून हसत होतो. टेबल काही तिला मिळालं नाही. पुढची वीस-बावीस वर्षं ती कॉलरी शिवत राहिली.

कारखाना सुटल्यावर आम्ही गोधड्या करायला लागलो. माझी पद्धत आईची. जुन्या साड्यांचे थर घालायचे आणि धावदोरा घालत सुटायचं. नलू मात्र मुलुंडला एका क्लासला जाऊन क्विल्टिंग शिकून आली. त्यात छोटे छोटे चौकोन कापून जोडायचे असतात आणि प्रत्येक चौकोन सुताइतकाही कमीजास्त चालत नाही, नाहीतर कोपऱ्याला कोपरा मिळत नाही. कापायला कात्री नसते, दांड्याला बसवलेलं गोल पातं असतं, त्यालाच कटर म्हणतात. खाली चरे न पडणारी मॅट, वर जाड पारदर्शक पट्टी. "शेवटी झाले गो कटिंग मास्टर," ती मला म्हणाली होती. घर केवढं, तर दहा बाय बाराचं. टेबल भिंतीला टेकलेलं, चारी बाजूंनी फिरायला जागा नाही. त्यामुळे चौकोनाची एक बाजू कापली की दोन्ही हातांनी कापड अलगद फिरवायचं आणि मग दुसरी कापायची. दोन हात होते तोवर ते जमलं.

डावा हात गेल्यावर कापड फिरवताना सरकायला लागलं. गप्प बसेल ती नलू कसली. जेवणाच्या टेबलावर लोणची-चटण्या ठेवायचा फिरता ट्रे तिनं रिकामा केला आणि त्यावर मॅट चिकटवली. मला फोन करून म्हणाली, "झकास फिरतंय." झकासच फिरत होतं. पातं दाबल्यावरही ट्रे फिरला आणि पातं पट्टीवर टेकवून ठेवलेल्या लुळ्या डाव्या हाताच्या अंगठ्यावरून गेलं. चार टाके पडले. मला विचारलं असतं तर मीही म्हटलं असतं, कर. आम्हा दोघींनाही तेव्हा कळलं नव्हतं की नुसतं फिरणं उपयोगाचं नाही, थांबताही आलं पाहिजे.

प्रशांत मुलुंडहून धावत आला. मुलगा वाईट नाही, घाबरला होता. "आई, आता बस ना. हातात पातं नको," म्हणत त्यानं कटर स्वतःच्या घरी नेऊन कपाटात ठेवला. डॉक्टरही म्हणाले, जप वगैरे करा, मन रमेल. मीही त्या वेळी नलूला समजावायला गेले, हे आज कबूल करते. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी शरमले. "म्हणजे त्या सुपरवायझरचाच खरा म्हणायचा? मी काय मरूक टेकलंय? रिक्षा बोलाव."

आम्ही घाटकोपरला शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात गेलो. खास फिरती मॅट मिळते, क्लासमधल्या बाईंनी सांगितलं होतं. दुकानदारानं तीन काढल्या. "आंटी, सगळ्या सेम आहेत. ही मोठी घ्या."

"सेम आहेत तर तीन कशाला ठेवल्यात?" नलू स्टुलावर बसली. मोठी तिनं लगेच बाजूला केली. "माझे चौकोन सहा इंचांचे, एवढी परात कशाला?" दुसरीच्या कडेवर अंगठा दाबला, तर पलीकडची बाजू वर उचलली गेली. "ही मान टाकते. नको." तिसरी आकाराला बेताची, खाली रबर बसवलेलं, वरची तबकडी हातानं ढकलली तरच फिरणारी आणि हात काढला की जागच्या जागी थांबणारी. तरी तिचं समाधान होईना. पर्समधला स्वतःचा रुमाल काढून मॅटवर पसरला, दुकानदाराला नवा कटर उघडायला लावला आणि मला पट्टी दाबून धरायला सांगितली. रुमालाचे चार तुकडे झाले. नलू म्हणाली, "ही द्या. कटरपण."

मग वर्षभर ती एका हातानं कापत होती. पट्टीच्या खाली तिनं पॉलिश पेपरचे तुकडे चिकटवले, वर अर्ध्या किलोचं वजन ठेवलं. एक बाजू कापायची, पातं बंद करून ठेवायचं, मॅट फिरवायची, पट्टी आणि वजन तिच्याबरोबरच फिरायचं, मग दुसरी बाजू. पातं टेकलेलं असताना मॅट फिरवायची नाही, हा नियम. गरम चहाचा कप कोणी मॅटवर ठेवला तर ती ओरडायची. उष्णतेनं मॅट वाकते ती जन्माची. प्रशांतपासून तिनं काहीच लपवलं नाही. मॅट दारातून दिसेल अशीच ठेवली होती. तो चिडला तेव्हा म्हणाली, "तुझ्याकडला कटर तुझ्याकडेच ठेव. आणि ही गोधडी तुझीच आहे, तेव्हा गप बस."

चौदाव्या दिवशी प्रशांतच मॅट आणि कापलेल्या चौकोनांचा डबा माझ्याकडे घेऊन आला. "मावशी, पुरी करशील?" नातेवाइकांनी त्याला सांगितलं होतं, गेलेल्या माणसाचं अर्धवट शिवण घरात ठेवू नये. मी म्हटलं, माझ्या घरात ठेवते. चौकोन पुरे होते, फक्त जोडायचे राहिले होते. मी मॅटवर एकेक ठेवून तपासायला लागले. वरचे सगळे सुतासारखे सरळ. तळाशी, वेगळ्या दोऱ्यानं बांधलेले अकरा मात्र तिरपे गेलेले, कुठे अर्धा इंच आत. म्हणजे शेवटी उजवा हातही थरथरायला लागला होता. तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. मलासुद्धा नाही... मी तिथेच बसून रडले.

प्रशांतला कळेना. "एवढेच आहेत ना वाकडे? नवीन काप तू."

"ते तुझ्या आईनं कापलेत."

"मग कसं करणार?"

चौकोन सारखे करायचे तर एकच मार्ग असतो, सगळे सगळ्यात लहान चौकोनाएवढे करायचे. मी त्याला पट्टी दाबून धरायला लावली. आधी तिचे अकरा काटकोनात घेतले, मग वरचा गठ्ठा सोडला आणि एकेक सरळ चौकोन अर्ध्या इंचानं छाटायला सुरुवात केली. चार बाजू, चार वेळा मॅट फिरवायची. प्रशांतनं मनात हिशेब केला असावा. "मावशी, असं केलं तर गोधडी वीतभर आखूड होईल. माझे पाय बाहेर येतील."

"येऊ देत," मी म्हटलं. "गुडघे पोटाशी घेऊन झोप. तिनं वर्षभर एका हातानं कापलंय, तुला एवढं जमेल."