योगिनीने स्वतः विकलेलं घर

सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी आजवर बऱ्याच कागदांवर सह्या केल्या. त्यातल्या एकीचं मला अजून वाईट वाटतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका मंगळवारी फायनान्स कंपनीची दोन माणसं तळेगाव दाभाड्याच्या आमच्या इमारतीत आली आणि तिसऱ्या मजल्यावर लोमट्यांच्या बंद दारावर त्यांनी नोटीस चिकटवली. पंचनाम्याला साक्षीदार हवा होता. "नोटीस लावताना पाहिलं, एवढंच लिहिलंय काका," ते म्हणाले. मी सही करून दिली.

योगिनी लोमटे तेव्हा चाकणला कामावर होती. गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करायची, पहिली शिफ्ट असायची. चारच्या सुमाराला कंपनीच्या बसमधून उतरून ती वर गेली आणि पाच मिनिटांत माझ्या दारात आली. मोबाइलवर नोटिशीचा फोटो होता.

"काका, यात माझं नाव आहे. ताबा घेतला म्हणजे काय? कुलूप तर आमचंच आहे."

मला धड सांगता आलं नाही. पण साक्षीदार मी होतो, हे तेवढं सांगितलं. ती फोटो मोठा करून पुन्हा वाचायला लागली.

लोमटे नवराबायको अंबाजोगाईकडचे. रणजीत चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करायचा. त्या नोकरीच्या भरवशावर सात वर्षांपूर्वी त्यांनी हे दोन खोल्यांचं घर घेतलं. कर्जावर दोघांची नावं होती. कुठे सही करायची ते रणजीतने बोटाने दाखवलं होतं, तिने केली होती. मग कारखान्याने त्याची लाइन दुसरीकडे हलवली आणि कंत्राटावरच्या लोकांना घरी बसवलं. तेव्हापासून तो टेम्पो चालवायचा. हप्ते चुकत होते, हे तिला ठाऊक होतं. गोष्ट दारापर्यंत आली आहे, हे नव्हतं.

संध्याकाळी रणजीत आला. नोटीस अजून दारावरच होती. योगिनीने मला वर बोलावून घेतलं, बहुधा भांडण होऊ नये म्हणून.

"याच्या आधी काही आलं होतं का?" तिने विचारलं.

त्याने काढलेल्या चपला पुन्हा घातल्या. मग खाली जाऊन स्कूटरच्या डिकीतून एक जाड पाकीट घेऊन आला. रजिस्टर पोस्टाने आलेली नोटीस होती. साठ दिवसांत कर्ज फेडा, नाहीतर घर ताब्यात घेऊ, असं त्यात लिहिलेलं. पाकिटावरची तारीख नोव्हेंबरची होती.

"मला सांगितलं कामून नाही?"

"काम बघायलोच होतो की. लागलं असतं एखादं, तर मिटलं असतं. तुला उगं कशाला घोर."

त्यांची मुलगी अपेक्षा सातवीत होती. तिने आतून दार लोटून घेतलं, तो आवाज आम्हा तिघांनाही ऐकू आला. योगिनी ओरडली नाही. तिने पाकीट घेतलं आणि सगळी पानं वाचली. इंग्रजी जिथे अडलं तिथे मला विचारलं. दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी टाकली.

पिंपरीत माझ्या ओळखीच्या वकील होत्या, मंजुषाताई. आम्ही तिघे त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कागद चाळले.

"घाबरू नका, पण गाफीलही राहू नका," त्या म्हणाल्या. "हा ताबा कागदावरचा आहे. तुम्हाला बाहेर काढायचं तर कंपनीला आधी जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा कोर्टाचा हुकूम आणावा लागेल. दरम्यान पुण्यात कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मुदत पंचेचाळीस दिवसांची, कालपासून सुरू झाली."

"तिथे घर वाचेल?" योगिनीने विचारलं.

"कंपनीने कायद्याची पायरी चुकवली असेल तर. कर्ज माफ करायला ते बसलेले नाहीत. स्थगिती मिळाली तरी काही रक्कम भरा म्हणतील." त्यांनी नोव्हेंबरची नोटीस उचलली. "ही आल्यावर लेखी हरकत घेतली असती, तर पंधरा दिवसांत उत्तर देणं त्यांना भाग होतं. तेव्हा बोलणीही सोपी गेली असती."

योगिनीने रणजीतकडे पाहिलं नाही. मीच पाहिलं.

"कुलूप लावून गावाकडं निघून गेलो तर?" तो हळूच म्हणाला.

"लिलावात घर कमी भावात जाईल. कर्जातलं जे उरेल ते दोघांकडूनही मागतील." मग त्या योगिनीकडे वळल्या. "ताई, अजून एक वाट आहे. घर तुम्ही स्वतः विका. पण कंपनीची लेखी परवानगी हवी, आणि लिलावाची जाहिरात निघायच्या आत सगळं व्हायला हवं."

अर्ज दाखल झाला. न्यायाधिकरणाने सहा आठवड्यांची स्थगिती दिली, पण तेवढ्या मुदतीत थकबाकीचा मोठा हिस्सा भरायच्या अटीवर. योगिनीने ओव्हरटाइम केला, भावाला फोन केले, दागिने मोडले. निम्मीही रक्कम जमेना. एका रविवारी ती मला म्हणाली, "काका, विकून टाकू. निदान आपल्या हातानं."

परवानगीचं पत्र मिळवायला तिने कंपनीच्या कचेरीत चार खेपा घातल्या. तीनदा तोंडी आश्वासन मिळालं. चौथ्यांदा ती म्हणाली, "लिहून द्या, तोवर मी इथंच बसते," आणि दुपारपर्यंत बसली.

हिंजवडीत नोकरी करणारं एक जोडपं घर बघायला आलं. योगिनीने सगळं दाखवलं. मोरीच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, तेही सांगितलं. रणजीत म्हणाला, हे सांगायची काय गरज होती. "लपवून काय होतं ते बघितलंय मी," ती म्हणाली. एवढंच एक कडू वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं. त्या जोडप्याने भाव थोडा पाडला, पण घर घेतलं. स्थगिती संपायला नऊ दिवस असताना वडगावच्या नोंदणी कचेरीत खरेदीखत झालं. कर्ज फिटलं, आणि हातात उरलं ते भाड्याच्या घराच्या डिपॉझिटपुरतं.

आता ते देहूरोडला दोन खोल्यांत राहतात. रणजीतला तळेगावच्या एमआयडीसीत पुन्हा कंत्राटी काम मिळालंय. परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. अपेक्षाची शाळा तीच आहे, त्यामुळे तिला रोज लोकलने तळेगावला यावं लागतं. रणजीतने चहा केला, योगिनीने तो घेतला. दोघं एकमेकांशी नीट बोलत होती, जरा जास्तच नीट, परक्या माणसांसारखी. निघताना ती कोपऱ्यापर्यंत सोडायला आली.

"डोक्यावर कर्ज नाही, काका. झोप लागते," ती म्हणाली. मग वळता वळता म्हणाली, "पण अजून जाग आली की कुठल्या घरात आहे तेच कळत नाही."