तक्रार नसलेला वर्ग

शाळेत त्यांना सगळे नकाशाबाई म्हणत. भूगोल शिकवायच्या, आणि पुस्तकात न बघता एका दमात कुठल्याही खंडाची किनारपट्टी फळ्यावर उतरवायच्या. वर्गात गलका झाला तर त्या ओरडत नसत. खडू खाली ठेवायच्या आणि खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या. पूर्वी तेवढ्यावर भागायचं. अलीकडे मात्र त्या खिडकीबाहेर बघत राहायच्या आणि मागे वर्ग बाजार मांडून बसायचा.

शाळेचं सगळंच उतरणीला लागलं होतं. दहावीचा निकाल वर्षागणिक घसरत होता. मधल्या सुट्टीत मारामारी ठरलेली. एकदा जिन्यात ढकलाढकली झाली आणि एका मुलीचे पुढचे दोन दात पडले. तिची आई शिक्षकखोलीच्या दारात काही न बोलता नुसती उभी राहिली, ते बाईंच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. त्यातच त्यांची भाची याच शाळेत शिकायला आली. धाकटी बहीण परिचारिका, तिची सारखी बदली व्हायची, म्हणून पोरगी मावशीकडे राहायची. बोलायला लागली की थांबायचं नाव नाही, म्हणून घरात तिचं नावच टकळी पडलं होतं.

अशात नवे मुख्याध्यापक आले. नवे सर आवाज कधीच चढवत नसत. इतकं हळू बोलत की ऐकणाऱ्याला पुढे झुकावं लागायचं. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "मला दोनच गोष्टी हव्यात. निकाल वर गेला पाहिजे आणि आवाज खाली आला पाहिजे."

सुधारणेचा आराखडा करायला समिती नेमली. तिच्यात नवे सर, खेळाचे सर, पालकांच्या वतीने औषधांच्या दुकानाची मालकीण, आणि नकाशाबाई. सुट्टीभर बाईंनी त्यात जीव ओतला. कच्च्या मुलांसाठी सकाळचा जादा तास, दोघादोघांच्या जोड्या लावून अभ्यास, वाचनाचा तास, सगळं त्यांनी एकेका वर्गाचा विचार करून बसवलं. आणि वातावरणासाठी त्यांना एक कल्पना सुचली. ज्या वर्गात आठवडाभर भांडणाची तक्रार येणार नाही, त्याच्या दारावर हिरवा झेंडा लावायचा.

"नुसत्या झेंड्याला ही पोरं भीक घालणार नाहीत," खेळाचे सर म्हणाले.

"झेंडा टिकेल त्या वर्गाला अंतर्गत गुण देऊ," नवे सर शांतपणे म्हणाले. "आणि भांडणाचीच का? कुठलीच तक्रार नको."

"म्हणजे बाक मोडला, नळ गळला, ती पण तक्रारच?" खेळाच्या सरांनी विचारलं.

"तक्रार ती तक्रार. एकदा फट ठेवली की सगळं तिच्यातूनच आत येतं."

बाईंना ते खटकलं. त्या बोलणारही होत्या. पण औषधवाल्या बाई मान डोलवत होत्या, खेळाचे सर खांदे उडवून गप्प बसले, आणि आपली कल्पना एवढ्या सहज मान्य झाली याचा थोडा आनंदही होताच. सुरू तर होऊ दे, मग बघता येईल, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

सुरू झालं, आणि चाललंही. इतकं चाललं की शिक्षकांचा विश्वास बसेना. पहिल्या घटक चाचणीत गुण वर आले. जिन्यात मुलं एका ओळीत, भिंतीच्या कडेने जाऊ लागली. मधल्या सुट्टीत डबे उघडल्याचे आवाज ऐकू यायचे, पण मुलांचे नाहीत. भांडण झालंच तर ते शाळेच्या फाटकाबाहेर, आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या गालावर वळ दिसला तरी विचारल्यावर एकच उत्तर यायचं, "पडलो, बाई."

बाईंच्या यजमानांचं चौकात चष्म्याचं दुकान होतं. एका दुपारी ते जेवायला आले ते हसतच. "अगं, तुमच्या शाळेवरून आलो. मला वाटलं आज सुट्टी आहे."

"मधली सुट्टी चालू असेल."

"तेच तर म्हणतोय," ते म्हणाले, आणि त्यांचं हसू मावळलं. "एवढी पोरं, आणि चिमणीचासुद्धा आवाज नाही. जिवंत माणसांची जागा वाटेना."

बाईंना राग आला. इतकी वर्षं गोंगाटाला नावं ठेवणारी माणसं आता शांततेला नावं ठेवतात, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. पण त्या दुपारी वर्गात उभ्या असताना त्यांनाही ते जाणवलं. मुलं त्यांच्याकडे बघत होती, त्यांच्या खडूकडे नाही. या बाई आता कुणाला काय सांगतील, याचा अंदाज घेतल्यासारखी.

घरात टकळीचं बोलणंही आटलं होतं. शाळेतून आली की दप्तर ठेवायची, हातपाय धुवायची, पुस्तक उघडून बसायची. "मोठी झाली," यजमान म्हणाले. बाईंनाही तसंच वाटलं. ती वर्गप्रमुख झाली होती. सकाळी सगळ्यांच्या आधी घरातून निघायची. कुठे एवढ्या लवकर, असं विचारलं तर म्हणायची, "सफाईची पाळी आहे, मावशी." रोज तुझीच कशी पाळी, हा प्रश्न बाईंच्या मनात आला तो टकळी दाराबाहेर पडल्यावर, आणि मग दुधाच्या गडबडीत राहूनच गेला.

टकळीचा वर्ग मागच्या इमारतीत होता, वरच्या मजल्यावर टोकाला. सलग हिरवा झेंडा असलेला शाळेतला तो एकच वर्ग. शिक्षण खात्याचं पथक पाहणीला येणार होतं आणि नवे सर त्यांना सगळ्यात आधी तोच वर्ग दाखवणार होते. बाईंचा तिथे तास नसे. पथक यायच्या काही दिवस आधी तिथले गणिताचे शिक्षक रजेवर गेले म्हणून त्या बदली तासाला गेल्या.

दारात पाऊल टाकलं आणि त्या थबकल्या. खिडकीकडचा कोपरा रिकामा होता. सगळे बाक दाराच्या बाजूला सरकवलेले, इतके दाटीवाटीने की मुलांची कोपरं एकमेकांना लागत होती. रिकाम्या कोपऱ्यात फरशी लख्ख पुसलेली. एकच बाक तिथे, भिंतीला लावून, त्यावर कुणी बसलेलं नाही.

"तिकडे का नाही बसत कुणी?" बाईंनी विचारलं.

पुढच्या बाकावरच्या मुलांनी वह्या उघडल्या.

"ऊन येतं का?"

"हो, बाई," मागून कुणीतरी म्हणालं. खिडकी उत्तरेकडची होती. भूगोलाच्या बाईंना कुणी हे सांगावं.

त्यांनी टकळीकडे बघितलं. ती वहीत बघत होती. तिच्या केसांत, भांगाजवळ, काहीतरी पांढुरकं अडकलं होतं. बाईंनी वर पाहिलं. कोपऱ्यातल्या छताला मोठा, तपकिरी, ओलसर डाग होता, आणि त्याच्या मधोमध गिलावा फुगून आला होता. डागाच्या कडेने भेगा फुटल्या होत्या, आणि एका भेगेतून गंजलेली सळई दिसत होती.

"हे कधीपासून आहे?"

सगळ्या वर्गाने माना खाली घातल्या. त्या माना एकदमच खाली गेल्या, कुणी हुकूम दिल्यासारख्या.

तास संपताच त्या नव्या सरांच्या खोलीत गेल्या. सरांनी ऐकून घेतलं.

"मुलांनी काही तक्रार केली आहे का?"

"नाही. म्हणूनच तर मी..."

"जुनी इमारत आहे, बाई. ओल येते. पथक होऊन जाऊ दे, लगेच इंजिनिअरला बोलावतो. आत्ता तो वर्ग बंद केला तर सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी पडेल. तुमच्याही."

त्या शेवटच्या एका शब्दाने बाईंचं तोंड बंद झालं. पथकापुढे आपला आराखडा मांडायचा म्हणून त्यांनी तक्ते रंगवून ठेवले होते. चारच दिवसांचा तर प्रश्न आहे, बाक तर मुलांनी सरकवलेलेच आहेत, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळी त्यांनी टकळीला जवळ बसवलं. "तुमच्या वर्गात वरून काही पडतं का गं?"

"नाही, मावशी."

"खरं सांग."

"काही नाही पडत." तिचं डोकं दुखत होतं. ती लवकर झोपली.

"त्या पोरीच्या बोलण्यात पाणी मुरतंय," यजमान ताटावरून उठताना म्हणाले. बाईंनी मान हलवली. उद्या सकाळी तिच्याशी नीट बोलायचं त्यांनी ठरवलं.

सकाळी त्या उठल्या तेव्हा टकळी निघून गेली होती. अंथरूण घडी करायला म्हणून त्यांनी उशी उचलली, तर अभ्र्यावर कचकच लागली. हात फिरवून पाहिला. वाळू आणि चुन्याचे बारीक खडे. आरशापाशी तिची फणी होती. फणीच्या दातांतही तेच. क्षणभर त्या फणी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं की सफाईची पाळी म्हणजे काय. रात्रभर जे पडायचं ते ही पोरगी रोज सकाळी, शिक्षक यायच्या आत, झाडून काढत होती. त्या कोपऱ्यात उभी राहून. त्या डागाखाली.

त्या घरच्या चपलांवरच निघाल्या. शाळा फार लांब नव्हती. आधी भरभर चालल्या, मग पदर खोचून धावू लागल्या. ओळखीची माणसं वळून बघत होती. फाटकाशी पोचल्या तेव्हा सगळं शांत होतं, आणि त्यांना वाटलं, पोचले वेळेत. त्या अंगणाच्या मधोमध होत्या तेव्हा मागच्या इमारतीतून आवाज आला. मोठा नव्हता तो. वरच्या मजल्यावर कुणी धान्याचं पोतं आपटावं तसा. मागोमाग खिडकीतून धुरळा बाहेर आला आणि हळूहळू पसरत राहिला.

कुणी ओरडलं नाही. तेच बाईंना पुढे कायम आठवत राहिलं. जिना चढताना त्यांना वरून एकही आवाज ऐकू आला नाही.

भिंतीशी ठेवलेल्या त्या एकट्या बाकाने पोरीला वाचवलं. छताचा मोठा तुकडा आधी बाकावर आला आणि मग तिच्या पायावर. हातात केरसुणी तशीच होती. शिपाई आणि खेळाचे सर धावत आले, तिघांनी मिळून तो तुकडा उचलला. टकळीचे डोळे उघडे होते. तोंड चुन्याने पांढरं झालं होतं आणि ओठ घट्ट मिटलेले.

"ओरड ना गं," बाई म्हणाल्या. "दुखतंय ना? ओरड."

ती ओरडली नाही. दवाखान्यात, पायाला पट्ट्या बांधून झाल्यावर, तिने पहिल्यांदा तोंड उघडलं. "मावशी, आमचा झेंडा गेला का?"

बाई बाहेर व्हरांड्यात आल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. यजमान शेजारी बसले.

चौकशी झाली. नवे सर नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाले की एकही तक्रार आली नव्हती, त्यामुळे कळायला मार्गच नव्हता. बाई उठून उभ्या राहिल्या. "मार्ग होता. तो आम्ही बंद केला. झेंड्याची कल्पना माझी. आणि मी स्वतः येऊन सरांना सांगितलं होतं. मग गप्प बसले, तेही मीच." खोलीत कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही. औषधवाल्या बाई पिशवीत काहीतरी शोधत राहिल्या. पुढच्या बैठकीला समितीत बाईंचं नाव नव्हतं. मागची इमारत बंद झाली. त्या वर्षीचा निकाल मात्र गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यात चांगला लागला, आणि नव्या सरांना खात्याच्या कचेरीत बढती मिळाली.

बाईंनी आपल्या वर्गाचा झेंडा स्वतःच्या हाताने काढला. रोज तास सुरू करताना त्या विचारू लागल्या, "आज काय बिघडलंय?" कितीतरी दिवस कुणी हात वर केला नाही. मुलांना गप्प करायला अर्धं वर्ष पुरलं होतं, बोलतं करायला ते पुरेना. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "बाई, तुम्ही फार भरभर बोलता." बाईंनी तिला बसायला सांगितलं आणि त्या दिवसापासून सावकाश बोलू लागल्या.

टकळीचा पाय बरा झाला, पण चालताना ती किंचित एका अंगाला झुकते. दहावी झाल्यावर ती आईकडे गेली. बाई निवृत्त झाल्या, आणि दुपारी यजमानांच्या दुकानात बसू लागल्या.

तिथेच एके दिवशी फोन आला. दूरच्या एका गावातल्या शाळेतून तरुण मुख्याध्यापिका बोलत होती. आवाजात उत्साह मावत नव्हता. "बाई, तुमचा आराखडा खात्याने आम्हाला पाठवला. मूळ कल्पना तुमची, असं मोठ्या साहेबांनीच सांगितलं, तुमच्याकडे मुख्याध्यापक होते त्यांनी. म्हटलं, आभार मानावेत. शाळा ओळखू येत नाही हो. इतकी शांत झालीय."

"आणखी कुठे पाठवलाय?"

"आमच्या भागातल्या सगळ्या शाळांत."

बाईंनी काउंटरची कड धरली. "तुमच्याकडे शेवटची तक्रार कधी आली?"

"एकही नाही, बाई," पलीकडून अभिमानाने उत्तर आलं. "सुरू केल्यापासून एकही नाही."

बाईंनी गावाचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग फोन ठेवला आणि यजमानांना म्हणाल्या, "अहो, सकाळची पहिली बस कधी सुटते?"