वीस नंबरचा पेशंट

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मला पहिल्यापासून चीड आहे. या ग्रुपवर सुद्धा मी भांडायलाच आले होते — जुने मेंबर साक्षीला आहेत. आज स्वतः लिहायला बसलेय ते कौतुक करून घ्यायला नाही. आणि खाली "मॅडम, स्ट्रेस असेल" असं लिहिणाऱ्यांनी कृपा करून लिहूच नये. स्ट्रेस काय असतो ते एमडीएसचं शेवटचं वर्ष काढलेल्या माणसाला शिकवू नका.

मी दातांची डॉक्टर, घर जुन्या जालन्यात. थिसिसचा विषय इम्प्लांट — म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा बारीक स्क्रू बसवायचा, हाड त्याला घट्ट धरतं, मग त्यावर दात. कॉलेज कुठलं ते सांगणार नाही. कॉलेजचं एक छोटं सेंटर अंबडला होतं, एसटी स्टँडकडून कोर्टाकडे जाताना एका कापड दुकानाच्या माडीवर. आम्ही कुंभार पिंपळगावला बाजाराच्या दिवशी शिबिर घेतलं, पेशंट निवडले, त्यांना जीपने अंबडला आणून मी स्क्रू बसवले आणि सहा महिने तपासत राहिले. पाहिजे होते वीस. मिळाले एकोणीस.

आमचे गाईड सर म्हणाले, "वीस म्हणजे वीस. नसतील तर पुढच्या टर्मला बस."

पुढची टर्म म्हणजे त्या माणसाच्या हाताखाली अजून सहा महिने! चारचौघांत फाईल अंगावर फेकणारा माणूस तो. मी पेशंट बनवला. हो, खोटा. शिव्या द्यायच्या तर इथेच देऊन घ्या... रंगनाथ किसन गाढे, वय बावन्न, राहणार कुंभार पिंपळगाव. नाव अंबडच्या एका हॉटेलच्या पाटीवरून घेतलं, आडनाव जुन्या जालन्यातल्या एका धान्याच्या दुकानावरून. संमतीपत्रावर सही मी डाव्या हाताने केली.

वर शहाणपण असं की वीसच्या वीस केस यशस्वी दाखवल्या तर परीक्षकाला वास येईल. म्हणून हा एक फेल दाखवला. उजवीकडची खालची दाढ. "दोन महिन्यांपासून चावताना दुखतं, पू येतो, स्क्रू हलतो." ही अक्कल कोणी दिली नव्हती, माझी स्वतःची. लिहिताना मी चहा पीत होते.

पुढच्याच मंगळवारी, सकाळचे अकरा वाजले असतील, नंदाताई आत आल्या. नंदाताई म्हणजे सेंटरच्या असिस्टंट, माझ्या आईच्या वयाच्या.

"मॅडम, तुमचा पेशंट आलाय. लई तापलाय. अन् खरं सांगू का, त्याचं बराबर हाय. पेशंटला असं वाऱ्यावर सोडायचं असतं का?"

"कोण पेशंट?"

"वीस नंबर."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. बाहेर आले तर खुर्चीत एक माणूस, पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, उपरण्याचा बोळा करून उजव्या गालाला दाबलेला. मला बघितल्याबरोबर सुरूच झाला.

"वळखलं का? का इसरल्या? सरूबाईला फोन केला, तिच्या जावंला केला, समद्यांला केला. मलाच न्हाई केला! दोन महिने झाले भाकर चावली न्हाई मी. दूध-भात खाऊन राह्यलो लेकरावानी. काय घोडं मारलं होतं मी तुमचं?"

"नाव काय तुमचं?"

"घ्या! नाव इचारून राह्यल्या." त्याने खिशातून कार्ड काढून माझ्यापुढे आपटलं. रंगनाथ किसन गाढे. अक्षर माझं, सही माझी, नंबर वीस. असं कार्ड मी कधीही लिहिलेलं नाही. मी फक्त संमतीपत्र आणि तक्ता केला होता.

खरं सांगते, भीती नाही वाटली. राग आला. वाटलं, सरांना कळलंय आणि मला पकडायला माणूस पाठवलाय. मी तिथेच ओरडले — "कोणी पाठवलं तुम्हाला? नाटकं बंद करा!"

नंदाताई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्या माणसाने उपरणं बाजूला केलं आणि तोंड उघडलं.

उजवीकडची खालची दाढ. हिरडी लालभडक. बोट दाबलं तर पू आला. स्क्रू हलत होता. अहो, कार्ड खोटं करता येतं, पू कोण खोटा आणणार? मी तक्त्यात लिहिलेलं वाक्य त्या माणसाच्या तोंडात होतं.

"कुठे बसवला हा?" मी विचारलं.

"ह्याच खुर्चीत. तुम्हीच. मंग दुसरं कोन बसवल?"

भूल दिली, स्क्रू काढला, जखम साफ करून टाका घातला. भूल पुरती चढली नव्हती बहुतेक, कारण मध्येच त्याने खुर्चीचा हात गच्च धरला आणि डोळ्यांतून पाणी आलं. त्या पाण्याकडे मला बघवेना. स्टडीसाठी वीस स्क्रू आले होते, एकोणीस वापरले, विसावा माझ्या लॉकरमध्ये. मी ग्लोव्हज तसेच टाकून लॉकर उघडला. पाकीट होतं. सील जसंच्या तसं. आणि इकडे ट्रेमध्ये रक्ताने भरलेला तीच कंपनी, तीच लांबी.

"आठ दिवसांनी टाका काढायला या काका," मी म्हटलं.

"बिलकुल येणार न्हाई. तुमच्या हातात पुन्हा तोंड देत न्हाई मी." जिना उतरून गेला. खाली कापड दुकानासमोर ऑटो थांबवून भाव करताना मी त्याला पाहिलं.

मी लगेच सरूबाईंना फोन लावला. माझी सात नंबरची पेशंट, शिबिरातली, शंभर टक्के खरी. विचारलं, तुमच्या गावात रंगनाथ गाढे म्हणून कोणी आहे का?

"हाय की. आपल्याच जीपमंदी आल्ता. खिडकीपाशी बसायला भांडला, आठवत न्हाई का? चिडका हाय जरा, पण मनाचा वाईट न्हाई."

पेशंटना अंबडला आणलं त्या दिवशी जीपसमोर सगळ्यांना उभं करून काढलेला फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. मी दहा वेळा मोजलेत. माणसं एकोणीसच आहेत.

आता म्हणाल, तू खरा पेशंट विसरली असशील. मग डाव्या हाताने सही कशाला केली असती हो मी? असो. तुमच्याशी वाद घालायला ताकद नाही.

थिसिस छापायला जायच्या आदल्या दिवशी सरांनी बोलावलं. हिशेब बघणाऱ्या स्टॅटिस्टिक्सवाल्याने सांगितलं होतं, एकोणीस पुरतात. "ती फेल केस रिझल्ट बिघडवतेय. वीस नंबरची ओळ डिलीट कर, आत्ता सही करतो."

बघा ना. खोटेपणा पुसून टाकायची संधी आयती चालून आली होती. एक बटण दाबलं की मी स्वच्छ. मी ओळ सिलेक्ट केली. आणि बोट पुढे जाईना. त्या माणसाला मी काय दिलं होतं? एक नाव, एक गाव, बावन्न वर्षं आणि एक दुखणारी दाढ. एवढंच. ते पण काढून घेतलं तर तो कुठे जाईल?

"नाही काढणार सर."

"का? काय तुझा काका लागतो का तो?"

"सही करायची नसेल तर पुढच्या टर्मला बसते," मी म्हटलं. माझ्याच तोंडून ते ऐकून मला रडू आलं. सरांनी फाईल फेकली, मी उचलली. शेवटच्या रकान्यात, जिथे मी आळसाने काहीच लिहिलं नव्हतं, तिथे त्यांच्यासमोर टाईप केलं — "जखम पूर्ण भरली. दुखणं नाही. भाकरी चावून खाता येते."

"भाकरी? थिसिसमध्ये भाकरी?" सर किंचाळले. पण मी ते वाक्य हलू दिलं नाही, आणि शेवटी कंटाळून त्यांनी सही केली.

मला डिग्री मिळाली. ते पुस्तक लायब्ररीत आहे, वीस ओळींसकट. मी चीटर आहे, मान्य. परवा राहवलं नाही म्हणून सरूबाईंना पुन्हा फोन केला. गाढे काका कसे आहेत?

"बरा हाय की. परवा लग्नात चांगल्या दोन भाकरी खाल्ल्या त्यानं. पण तुमचं नाव काढलं की शिव्या देतो बघा."

म्हटलं, देऊ द्या.