नंबर आतल्या बाजूला

वस्तू घेण्यापूर्वी ती कधी आणि कुठे जन्मली याची चौकशी करणारा, माझ्या बायकोच्या मामांइतका चिवट माणूस घोडपदेवपासून काळ्या घोड्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही. परळच्या एका इस्पितळात मुदत संपलेली औषधं वेचून बाजूला काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि इस्पितळ सुटलं तरी वेचणं काही सुटलं नाही. आमच्याकडे आले की पाणी मागायच्या आधी बिस्किटांचा पुडा मागतात आणि चष्मा कपाळावर चढवून त्याची पाठ वाचतात. पोरीच्या लग्नात त्यांनी पत्रिका पाहिली नाही, पण होणाऱ्या जावयाच्या स्कूटरचे टायर मात्र उकिडवं बसून पाहिले, आणि मगच सुपारी फुटली. टायर हा त्यांचा खास विषय. स्वतःची साधी सायकल नाही, पण दादरला भाजी घ्यायला गेले तरी उभ्या गाड्यांपाशी वाकून टायरवरचे चार आकडे वाचतात. पहिले दोन टायर बनला त्या आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. एकदा एका गाडीमालकाला त्यांनी आपणहून सांगितलं, की तुमचे पुढचे टायर सात वर्षांचे झालेत. हा म्हातारा हवा काढायला बसलाय असं समजून तो अंगावर धावून आला. "रबर बसल्या जाग्यार म्हातारां होता, जावयबापू," असं ते मला माझ्या लग्नापासून सांगत आले आहेत. "काळो कुळकुळीत दिसता म्हणान नवो समजू नकात."

आता माझ्याविषयी. माझं शिक्षण बरं आहे, नोकरी बरी आहे, फक्त दुकानदाराने 'साहेब' म्हटलं की माझी अक्कल गहाण पडते. काही वर्षांपूर्वी गाडीचे टायर गुळगुळीत झाले होते आणि मे महिन्यात बायको, मुलगी आणि मामा यांना घेऊन मामांच्या गावी कोकणात जायचं होतं. मामांना खरेदीला नेलं तर टायर गणपतीला मिळतील, या धास्तीने मी गुपचूप एकटाच लोअर परळच्या एका दुकानात गेलो. "साहेब, तुम्हाला इम्पोर्टेडच शोभतील," दुकानदार म्हणाला आणि त्याने चहा मागवला. अर्धा चहा संपल्यावर मामा आठवले, म्हणून मी सहज आकडे वाचले. टायर पाच वर्षांचे निघाले. "परदेशी माल आहे साहेब, बोटीने यायला वेळ लागतो." पाच वर्षांत ती बोट पृथ्वीला किती प्रदक्षिणा घालते, हे विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं, पण चहा पिऊन रिकाम्या हाताने उठणं मला जन्मात जमलेलं नाही. उलट मीच त्याला सुचवलं, की आकडे एकाच बाजूला आहेत, तर तेवढी बाजू आत घालून बसवा. इतका हुशार विचार मी ऑफिसात कधी केलेला नाही.

दुसऱ्याच दिवशी मामा आले. गाडीभोवती फेरी मारली. चारही चाकांवर आकडा दिसेना. पिशवीतला पेपर रस्त्यावर अंथरला, आणि सत्तरीचा तो माणूस पांढऱ्या शर्टानिशी गाडीखाली सरपटत शिरला. बाहेर फक्त त्यांच्या चपला. समोरचा इस्त्रीवाला हातातलं काम टाकून बघत होता, आणि मी मोबाइलमध्ये डोकं घालून गाडी दुसऱ्याच कुणाची असल्यासारखा उभा होतो. मामा बाहेर आले तेव्हा शर्टभर वंगण लागलं होतं. आता आपली हजेरी घेणार, असं मला वाटलं. ते अंग झटकत एवढंच म्हणाले, "पोरगी मागल्या सीटार बसता ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लगेच मला घेऊन ते त्या दुकानात गेले, "टायर खंयचो, नि कधीचो?" असं एकदाच विचारलं, चहाला हात लावला नाही आणि स्टुलावर बसून राहिले. दोन तासांनी दुकानदाराने कंटाळून चारही बदलून दिले. "परदेशचो वायट नसता," परतताना मामा मला समजावत होते, "पण येता येता तो खंय खंय नि किती वर्सां बसान रवलो, तां कोणाक म्हायत?"

यंदा त्या टायरांची मुदत संपली. मामांना आता वाकता येत नाही आणि बारीक आकडे दिसतही नाहीत. तरी मी त्यांना घोडपदेवहून घेऊन त्याच दुकानात गेलो. काठी टेकत ते स्टुलावर बसले. "वाचा," म्हणाले. मी उकिडवा बसून मोठ्याने वाचू लागलो. पहिला ठीक, दुसरा ठीक, तिसराही ठीक. प्रत्येक आकड्याला मामा डोळे मिटून मान हलवत होते. 'नीट बघितलात ना?' असं त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि त्यांनी ते विचारावं, चिडावं, माझ्यावर संशय घ्यावा असं मला फार वाटत होतं. चौथा टायर तीन वर्षांचा होता. माझ्या हातात नुकताच आलेला चहा, दुकानदार 'साहेब, साहेब' करतोय, आणि मी काहीही वाचलं असतं तरी मामांनी मान हलवलीच असती.

"मामा, हो जुनो आसा," मी माझ्या मोडक्यातोडक्या मालवणीत म्हणालो.

मामांनी डोळे उघडले. शेजारचं रिकामं स्टूल काठीने माझ्याकडे सरकवलं.

"मगे बसा."

मी भरलेला कप तसाच खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.